पेटवा म्हणायच्या आधी

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आठवड्यातली एक दुपार भट्ट्या थंड असत आणि त्या दुपारपुरतं राज्य भांडी घासणाऱ्या मावशींचं असे. एरवी आपल्या झाऱ्याला दुसऱ्याचा हात लागलेला न खपणारे वस्ताद आचारी दाराशी स्टूल टाकून बसत आणि मावशी सांगतील तेव्हाच उठत.

मावशी आधी दाराजवळचा गॅसचा मुख्य कॉक बंद करायच्या. मग प्रत्येक भट्टीचं बटण स्वतःच्या हाताने फिरवून पाहायच्या. कॉक बंद झाला की जाळ विझतो, पण बटण उघडंच राहिलेलं असू शकतं, आणि कॉक पुन्हा उघडला की तिथून गॅस मुकाट्याने बाहेर पडत राहतो. लोखंड निवलं की बर्नरच्या टोप्या काढून सोड्याच्या गरम पाण्यात भिजत घालायच्या. भोकांत अडकलेली साय, जळकं पीठ, चिकट तेल ब्रशने हळूहळू सुटायचं. गॅस जिथून येतो त्या जेटच्या छिद्रात मात्र कुणाला सुई घालू द्यायच्या नाहीत. ते छिद्र एकदा मोठं झालं की जाळ पिवळा आणि भांडी काळी, मग बसा घासत जन्मभर, असं त्यांचं म्हणणं. टोप्या कोरड्या करून जागच्या जागी बसवल्या की भट्टी भिंतीपासून ओढून मागची काजळी काढायची, परत ढकलायची.

आणि मग खरं काम. कॉक उघडून, बटणं बंद ठेवून मावशी बाह्या वर सारायच्या, उकिडव्या बसायच्या आणि भट्ट्यांच्या रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तशाच सरकत जायच्या. नाक जमिनीपासून हातभर वर. हा गॅस हवेपेक्षा जड, सांडलेल्या पाण्यासारखा खाली साचणारा, म्हणून त्याला खालीच गाठायचा. शेवटच्या, कोपऱ्यातल्या भट्टीपाशी पोचल्या की गुडघ्यांवर हात टेकून उठायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "पेटवा." तो शब्द कानावर पडल्याशिवाय तिथे कुणी लायटर हातात घेत नसे.

हे नाक त्यांना भीतीने दिलेलं होतं. तरुणपणी एका खानावळीत भांडी घासत असताना त्यांच्या शेजारी काम करणाऱ्या मैत्रिणीने, साफसफाई झाल्या झाल्या, जरा घाईने काडी ओढली होती. आवाज फारसा झालाच नाही. कुणीतरी चादर झटकावी तेवढाच झाला. पण त्यानंतर त्या मैत्रिणीच्या हातांकडे बघताना मावशींना नेहमी दुसरीकडे बघावं लागे. तेव्हापासून वास हे त्यांचं शस्त्र झालं. रबरी नळीला केसाएवढी चीर गेली तरी त्यांना दारातून कळायचं. वस्ताद नव्या माणसाला सांगायचे, "दुधात पाणी किती आहे तेसुद्धा या बाई वासावरून सांगतात, तेव्हा जपून."

गॅसची जोडणी बघायला येणारा फिटर वेळोवेळी साबणाच्या पाण्याची बाटली आणि छोटा ब्रश घेऊन यायचा, सांध्यांवर फेस लावून बुडबुडे येतात का बघायचा. एकदा तो ती बाटली मावशींसाठी ठेवून गेला. मावशींनी सगळ्यांसमोर ती फळीवर मागे सरकवली आणि म्हणाल्या, "ज्याला नाक नाही त्याने फेस करावा." सगळे हसले. फिटरही हसला, पण जाताना म्हणाला, "मावशी, नाकाला सर्दी होते. साबणाला होत नाही."

तेवढं एकच वाक्य पुढे मावशींच्या मानगुटीवर बसलं.

त्या थंडीत त्यांना ताप आला. अंग ठणकलं, नाक वाहिलं, आठवडाभर अंथरूण सुटलं नाही. बरं वाटायला लागल्यावर त्या घरी ओट्यावर दूध तापत ठेवून, ओट्याकडे पाठ करून भाजी निवडत बसल्या होत्या. शेजारीण धावत आत आली आणि तिने गॅस बंद केला. दूध कधीचं उतू जाऊन तळाला कोळसा झाला होता, घर जळक्या वासाने भरलं होतं आणि मावशी त्याच्या मधोमध शांतपणे शेंगा सोलत होत्या.

त्यांनी शेजारणीला डुलकी लागली म्हणून सांगितलं. ती गेल्यावर कांदा चिरून नाकाशी धरला. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. न्हाणीघरातली फिनेलची बाटली उघडली. काहीच नाही. जणू त्यांच्या आणि जगाच्या मध्ये कुणीतरी काच बसवली होती. मावशी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या.

खरं तर सांगून टाकायचं होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा त्यांनी हजारदा विचार केला. पण स्वयंपाकघरात त्यांची पुण्याई ती काय, एक नाक. त्या नाकाच्या भरवशावर त्यांनी महिन्यापूर्वीच आपल्या सुनेला तिथे कामाला लावलं होतं. मुलगा मालवाहू गाडी घेऊन महिना महिना बाहेर असे, पोर घरी एकटी कंटाळायची. आता ती कोपऱ्यातल्या भट्टीवर रुग्णांसाठी दूध आणि सूप करायची. मावशींना वाटे, आपल्याला घरी बसवतील ते एक वेळ चालेल, पण 'हिच्या सासूला साधा वास कळत नव्हता' असं म्हणत पोरीकडे बघतील. आणि येईल की परत वास, सर्दीच तर आहे. असं म्हणत त्या कामावर गेल्या.

पहिल्या सफाईच्या दुपारी त्या नेहमीसारख्या उकिडव्या बसल्या. सरकत गेल्या. प्रत्येक सांध्यापाशी थांबून श्वास ओढला, तर आत नुसती थंड हवा गेली. फळीवरची बाटली दिसत होती. ती घ्यायला हात वर केला असता तर सगळं स्वयंपाकघर विचारणार होतं, मावशी, आज फेस कशाला? कोपऱ्यात पोचल्यावर त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. वस्ताद स्टुलावरून अर्धवट उठले होते. सून लायटर घेऊन उभी होती.

"पेटवा," मावशी म्हणाल्या.

काही झालं नाही. निळा, स्वच्छ जाळ उठला. मावशी मागच्या अंगणात गेल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

दोन दिवसांनी सुनेने घरी जाताना सांगितलं, "आई, त्या कोपऱ्यात खाली वाकलं की गॅसचा वास येतो मला."

सुनेला दिवस गेले होते, तिसरा महिना. त्या दिवसांत तिला कशाचा म्हणून वास सहन व्हायचा नाही. लोखंडी कढईचा, ओल्या फडक्याचा, वस्तादांच्या डोक्याच्या तेलाचासुद्धा. वस्तादांनी तिच्यासाठी तेल बदललं होतं आणि त्यावरून सगळे त्यांना चिडवत होते. मावशींना फळीवरची बाटली आठवली, पण तोंडातून निघालं ते भलतंच. त्या हसल्या. "तुला तर आरशाचाही वास येईल गं सध्या. मी बघितलंय सगळं."

सून ओशाळली. नंतर तिने तो विषय काढला नाही. मावशींनी मात्र दुसऱ्या दिवशी भांडी पुसायच्या निमित्ताने त्या कोपऱ्यात खाली वाकून पुन्हा पुन्हा श्वास घेतला. काच होती तिथेच होती. पोरीचं नाक खोटं की आपलं मेलेलं, हे सांगणारं तिसरं कुणी नव्हतं. फळीवर बाटली होती, पण भर कामाच्या वेळी सगळ्यांच्या देखत ती काढायची कशी? आज निवांत वेळ मिळाला की लावून बघू, असं त्या रोज म्हणत, आणि निवांत वेळ रोज कुठेतरी जाई.

मग तो दिवस आला. हवा ओढून बाहेर टाकणारा मोठा पंखा बिघडला म्हणून इलेक्ट्रिशियन सकाळीच तो उतरवून घेऊन गेला. बाहेर धुळीचा वारा सुटला होता, म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. दुपारचं जेवण वाढून झालं, भट्ट्या विझवल्या, माणसं विसाव्याला गेली. मुख्य कॉक कुणी बंद केला नाही. तो फक्त सफाईच्या दिवशी बंद करायचा, अशीच सवय होती.

मावशी लागूनच असलेल्या मोरीत पातेली घासत होत्या. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली तशी सून आत आली, लायटर घेतला, कोपऱ्यात गेली. मावशींना ती मोरीतून सरळ दिसत होती. पोरगी भट्टीपाशी वाकली आणि तिने मनगटाने नाक दाबलं. मग ती थांबली. मान वळवून तिने मोरीकडे, सासूकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. आपलं नाक वेडं आहे, तुमचं शहाणं आहे, तेव्हा तुम्ही म्हणाल तसं, एवढंच होतं. आणि तिने नाकावरचं मनगट काढलं, लायटर उचलला.

मावशींच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

"थांब. हात खाली कर."

सून तशीच थिजली.

"तो लायटर ओढू नकोस. काहीच करू नकोस. तुला वास येतोय?"

"येतोय," सून म्हणाली. "पण तुम्ही म्हणालात ना..."

"मला वास येत नाही. तापापासून येत नाही. मी खोटं बोलले." मावशी बोलताबोलताच मुख्य कॉकपाशी पोचल्या आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी फिरवून बंद केला.

आवाज ऐकून वस्ताद दारात आले. आत जरा अंधारलं होतं, त्यांचा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला. मावशींनी त्यांचं मनगट धरलं. "ठिणगी पडेल. बटणाला हात नको, खिडक्या उघडा." वस्तादांनी एकवार त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता खिडक्यांकडे धावले. धुळीचा वारा आत घुसला, पिठाचे डबे पांढरे-करडे झाले, कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मावशींनी सुनेच्या हातातून लायटर काढून घेतला, तेव्हा तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

सगळे अंगणात उभे राहिले. मग वस्ताद हळूच म्हणाले की त्यांनाही कालपासून पायाशी कसलातरी वास आल्यासारखं वाटत होतं. "पण म्हटलं, मावशी पेटवा म्हणाल्यात. म्हणजे आपल्यालाच भास."

मावशींना खरी भीती वाटली ती तेव्हा. आपलं एक नाक गेलं असं त्या समजत होत्या. आपल्या त्या एका शब्दाने सगळ्यांची नाकं बंद करून ठेवली होती.

फिटर आला. आतली हवा पुरती मोकळी झाल्यावर त्याने कॉक उघडला आणि फळीवरची तीच धुळकट बाटली घेतली. कोपऱ्यातल्या भट्टीच्या नळीच्या टोकाला ब्रश लावला. फेस एक क्षण गप्प राहिला, मग एक बुडबुडा फुगला, त्याच्या पोटातून दुसरा. मावशी तो बघत राहिल्या. फिटरने विचारलं, ही भट्टी भिंतीपासून कुणी ओढली होती? नळी ताणून तिला आवळणारी पट्टी सरकली आहे.

"मी," मावशी म्हणाल्या. "मागची काजळी काढायला."

फिटरने आपल्या त्या जुन्या वाक्याची आठवण करून दिली नाही. ते त्याचं मोठेपण. नळी आणि पट्टी बदलली, पुन्हा फेस लावून दाखवला आणि पुढच्या वेळी ओढायच्या आधी नळी सोडवायला मला बोलवा एवढंच सांगितलं.

मावशींनी वस्तादांना उद्यापासून येत नाही म्हणून सांगितलं. वस्ताद रागावले होते. वास गेला तेव्हाच का नाही सांगितलं, या एका गोष्टीवरून ते बरंच बोलले, आणि मावशींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी ते म्हणाले, "आणि ते बर्नर कोण घासणार? मी? माझ्या कमरेने केव्हाच राजीनामा दिलाय. वास गेलाय तुमचा, हात आहेत ना जागेवर?"

घरी जाताना सून वाटेत थांबली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "मला वाटलं मलाच वेड लागलंय." त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि दुसरा हात घर येईपर्यंत सोडला नाही.

आता कॉक रोज बंद होतो. बाटली कॉकच्या वरच एका खिळ्याला दोरीने टांगलेली आहे. मावशींचा वास परत आला नाही. कधी कधी मध्येच काहीतरी जळल्याचा वास आल्यासारखं होतं, पण ते खरं नसतं, हे त्यांना कळून चुकलं आहे. सुनेचे ते वास न सोसण्याचे दिवस सरले, तिला आता ओल्या फडक्याचा वास येईनासा झाला, तशी तीही घाबरली. माझंही नाक साधंच झालं हो आई, म्हणाली. "म्हणूनच साबण," मावशी म्हणाल्या.

सफाईच्या दुपारी दोघी उकिडव्या बसून रांगेने सरकतात. पुढे सून नाक खाली करून, पोट सांभाळत. मागे मावशी ब्रश घेऊन, प्रत्येक सांध्यापाशी डोळे बारीक करून. वस्ताद दाराशी स्टुलावरून अर्धवट उठतात आणि विचारतात, पेटवू का?

फेसावरची नजर न काढता दोघी एकदमच म्हणतात, "थांबा."