प्रणालीने मारलेला काका

प्रणाली गेल्याची बातमी आमच्या एम. ए.च्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ईशाने टाकली. हिंजवडीतल्या नोकरीला प्रणालीला वर्षही झालं नव्हतं. डेंग्यूचं निमित्त झालं आणि बघता बघता सगळं संपलं. मी तो मेसेज ऑफिसात, प्रिंटरपाशी उभी राहून वाचला. आणि त्याच वेळी मनात आलं, हे ईशाला माझ्याआधी कसं कळलं? तिची तर नुसती ओळख होती...

आमची मैत्री एका पेपरमुळे झाली. स्थलांतरितांचं आणि अल्पसंख्याकांचं साहित्य, असा तो इंग्रजीचा पेपर होता. परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या कथा वाचायच्या आणि त्यांचा हात धरून स्वतःबद्दल इंग्रजीत निबंध लिहायचा. मॅडमची एक अट होती. ज्याचा निबंध त्याने वाचायचा नाही, शेजारच्याने वाचायचा. "स्वतःचं लिहिणं दुसऱ्याच्या तोंडून ऐका, मग कळेल काय लिहिलंय," असं त्या म्हणायच्या. त्या वर्षी मी पुस्तकांपेक्षा वर्गातल्या निबंधांमधूनच जास्त शिकले. कॅम्पातल्या एका ख्रिस्ती मुलीने घरातल्या प्रार्थनेत शिरलेल्या मराठी शब्दांबद्दल लिहिलं होतं. कसबा पेठेतल्या एका तांबट घरच्या मुलाने लिहिलं होतं, की ठोकण्याचा आवाज थांबला की त्याला झोपेतून जाग येते. मी ऐकायचे आणि जळायचे. प्रत्येकाकडे काहीतरी होतं. माझ्याकडे कर्वेनगरमधला दोन बेडरूमचा फ्लॅट, कॉन्व्हेंट शाळा आणि बिनचूक स्पेलिंग. माझ्या निबंधावर मॅडमनी फक्त 'नीटनेटका' एवढंच लिहिलं.

सगळ्यात जास्त मी प्रणालीवर जळायचे. ती विदर्भातल्या दर्यापूरकडची, आमच्याच गल्लीतल्या हॉस्टेलवर राहायची. पुण्यात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेली आणि म्हणाली, "मले पाव किलो साबुदाणा द्या ना जी." दुकानदाराने वर पाहून विचारलं, "कितना चाहिए?" मराठी बोलणाऱ्या मुलीला मराठी माणसाने हिंदीत उत्तर दिलं. तिनेही मग हिंदीतच साबुदाणा घेतला, आणि पुढे वर्षभर त्या दुकानात ती मध्य प्रदेशातल्या बैतूलची मुलगी म्हणून वावरली. बैतूलला तिने एक घर बांधलं, दोन म्हशी घेतल्या, दर दिवाळीला पुण्यात येणारा एक काका तयार केला. दुकानदार काकांना भेटायला फार उत्सुक झाला. "इस बार ज़रूर लाना," असं तो सारखं म्हणू लागला, तेव्हा नाइलाजाने काकाला मारावं लागलं. ते ऐकून दुकानदाराने रेडिओ बंद केला आणि तिला बसायला स्टूल दिलं. निबंध एवढाच होता. तो वाचायला आला माझ्याकडे.

मी तो आदल्या दिवशी पेन्सिलने खुणा करून तयार केला. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. मी एरवी वर्गात तोंड उघडत नसे, पण दुसऱ्याचं वाचताना मला भीती वाटत नाही. आपल्याच राज्यात परकी ठरलेली मुलगी मी अगदी हळू वाचली. काका मेला तिथे मी खुणेप्रमाणे थांबले आणि आवाज खाली आणला. दोघीतिघींनी ओढणीने डोळे टिपले. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मागून एक मुलगा म्हणाला, "हे शहर माणसाला स्वतःचीच माणसं मारायला लावतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रणालीनेसुद्धा.

नंतर कॅन्टीनमध्ये मी तिला विचारलं, "कसं वाचलं मी?"

"भारी. मीच हादरले."

"मग रडली का नाहीस?"

"काका माझा होता ना गं. मला माहीत होतं तो जाणार." मग चहात बिस्किट बुडवत म्हणाली, "तुझं इंग्लिश मला दे, माझा काका तुला घे. चालेल?"

मला तेव्हा खरंच वाटलं, की चालेल. तिच्याकडे दुःख आहे, म्हणून तिला लिहिता येतं, असं मी धरून चालले होते. मला तिचं दुःख हवं होतं.

गेल्या महिन्यात कॉलेजात शोकसभा ठेवली. तिचा निबंध वाचायचा ठरला आहे, असं मॅडमनी ग्रुपवर कळवलं. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी घरी दार लावून तो दोनदा मोठ्याने वाचला. दुसरं कोण वाचणार? सभेत मी पुढच्या रांगेत बसले. मॅडम म्हणाल्या, "निबंध प्रणालीची धाकटी बहीण मयूरी वाचेल."

बारावीतली मुलगी. ती उभी राहिली आणि भरभर, शाळेत धडा वाचावा तशी वाचू लागली. एकही थांबा नाही. साबुदाण्यापाशी तिच्या वडिलांच्या ओठांचे कोपरे हलले. म्हशींपाशी आईने पदर तोंडाला लावला, आणि तो हसू दाबायला होता हे मला जरा वेळाने कळलं. काका मेला तेव्हा वडील डोळे पुसत पुसत मोठ्याने हसले. मग एकेक करून सगळा वर्ग हसला. तो निबंध पहिल्या ओळीपासून विनोदी होता... आणि मी त्यावर अख्ख्या वर्गाला रडवलं होतं.

सभेनंतर व्हरांड्यात चहा होता. मयूरी माझ्याकडे बघत होती. मग जवळ आली.

"तुमीच ना त्या? ताईचा निबंध वाचला होता त्या?"

मी मान हलवली.

"दिवाळीत घरी आली तं ताईनं आमाले तुमच्या आवाजात वाचून दाखवला. बाबा खुर्चीतून पडता पडता राह्यले. मंग कोनी पाव्हणे आले का बाबा म्हनत, प्रणू, पुण्यावाली करून दाखव."

मी ते घर कधी पाहिलेलं नाही. प्रणालीने दोनदा बोलावलं होतं, मी दोनदा कारण सांगितलं. माझा आवाज मात्र तिथे जाऊन आला होता, पाहुण्यांसमोर बसला होता, सगळ्यांना आवडला होता. मला माझ्याच आवाजाचा हेवा वाटला.

"तुला येतं करून?" मी विचारलं.

मयूरीने चहाचा कप कठड्यावर ठेवला. पाठ ताठ केली, पापण्या खाली नेल्या. "ॲन्ड सो... माय अंकल... हॅड टू डाय."

आवाज माझाच होता, शाळेतल्या बाईंनी घोटून घेतलेला. पण प्रत्येक थांब्याच्या आधी तिची डावी भुवई जराशी वर जात होती. माझी भुवई अशी जात नाही. समोरच्याची फिरकी घेताना प्रणालीची जायची. मयूरीने मला वाचताना पाहिलंच नव्हतं, तिने पाहिली होती मला करून दाखवणारी ताई. आणि प्रणाली तिच्या चेहऱ्यावर जशीच्या तशी होती.

"अजून एकदा कर ना," मी म्हणाले.