कुपवाडच्या गाडीचा प्रश्न

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या जूनमध्ये उंब्रजच्या स्टँडवर आम्ही दोघी सांगलीच्या गाडीत चढलो, मी आणि कमल. गावातून सायन्सला जाणाऱ्या आम्ही पहिल्याच मुली. कमलचे वडील, आबा, आदल्या दिवसापर्यंत नाहीच म्हणत होते. माझे वडील, दादा, मिलिटरीतून रिटायर झालेले. ते कमलच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "माजी जातीया, मग तुजी का न्हाई?" तेवढ्यावर कमलची ट्रंक गाडीच्या टपावर चढली.

सांगलीत मी मामाकडे राहिले, कमल तिच्या आत्याकडे, कुपवाडला. तेव्हाचं कुपवाड म्हणजे शहराबाहेरचं खेडंच. मामीनं दोन महिन्यांत माझी भाषा धुऊन काढली. 'न्हाई' म्हटलं की ती वाढता वाढता थांबायची. मी 'नाही', 'आहे', 'केव्हा' म्हणायला शिकले, वक्तृत्वात बक्षीसही मिळवलं. कमल होती तशीच राहिली. कॉलेजच्या व्हरांड्यात मोठ्यानं हाक मारायची, "ए शालन, आज डब्यात काय हाय गं?" मी आधी आजूबाजूला कोण आहे ते बघायचे.

मग जी.एस.ची निवडणूक आली. आमच्या एका सरांनी ठरवलं, उमेदवारांना सगळ्यांसमोर प्रश्न विचारायचे. मुलांनी चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि त्या मी वाचायच्या, कारण माझे उच्चार स्वच्छ! हॉल खच्चून भरला होता. स्टेजवर तीन उमेदवार. कँटीनचा चहा, लायब्ररीची वेळ, गॅदरिंगचं नाटक, असं मी वाचत होते. एका चिठ्ठीत 'हाय' आलं, तर पुढच्या रांगा खो खो हसल्या. त्यानंतर मी उघडली ती कमलच्या अक्षरातली.

"प्रॅक्टिकल सुटायला सहा वाजत्यात. तवा कुपवाडला गाडी न्हाई. आमी पोरींनी जायाचं कसं?"

मी ती वहीखाली सरकवली आणि पुढची घेतली, क्रिकेटच्या मॅटबद्दलची. कमल मागं भिंतीला टेकून, माझ्याकडे बघत उभी होती.

सभा सुटल्यावर तिनं विचारलं, "माजी चिठ्ठी निघाली न्हाई व्हय गं?"

"वेळ संपला," मी म्हणाले.

चार शब्द बदलून तो प्रश्न वाचता आला असता. हे साधं मला सुचायलासुद्धा कितीतरी वर्षं गेली.

कमल चालत जात राहिली. पुढे दिवस लहान झाले. एका संध्याकाळी सायकलवरच्या दोघांनी कुपवाडपर्यंत तिची पाठ सोडली नाही. आत्याच्या यजमानांनी उंब्रजला पत्र घातलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडीत मी एकटीच चढले.

पुढच्या वर्षी कुपवाडच्याच एका मुलीनं सभेत उभं राहून हाच प्रश्न विचारला. नवा जी.एस. सह्या गोळा करून एस.टी. डेपोत गेला आणि पंधरा दिवसांत सव्वासहाची गाडी सुरू झाली. एवढंच करायचं होतं. ती गाडी स्टँडवर लागलेली दिसली की मी दुसऱ्या बाजूनं जायचे.

आता चाळीस वर्षं कॅनडात आहे. सुरुवातीला लॅबमध्ये मी तोंड उघडलं की सुपरव्हायजर 'पार्डन?' म्हणायची आणि बाकीचे हसू दाबायचे. मीटिंगमध्ये कितीतरी प्रश्न मी तसेच गिळले. दर वेळी कमल आठवली.

गेल्या डिसेंबरात उंब्रजला गेले. कमल दारात पावटा सोलत बसली होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हंजी चिठ्ठी तुज्या हातात आली हुती?"

"हो."

"आन् मी समद्यांस्नी सांगत आले, आबा मरेस्तोवर त्यांनाबी, की शालननं नक्की इचारलं असतं, पर वेळच संपला."

मग ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. सुनेला चहा टाकायला सांगितला. निघताना मी "येते" म्हणाले, तेव्हा तिनं नुसती मान हलवली.

तुम्ही गावाकडचे विचारता आणि इथं कॅनडात जमल्यावर आम्ही मराठी माणसंही एकमेकांना विचारतो, आता घर कुठलं म्हणायचं? इथं मला कोणी पुरतं ओळखत नाही, म्हणून मी इथं निर्धास्त असते. उंब्रजमध्ये मला पुरतं ओळखणारं एक माणूस आहे. तिच्या दारात जायची मला भीती वाटते. या डिसेंबरचं तिकीट मी काढलंय.