मालतीदीदींची खमंग काकडी

मालतीदीदी कोणाच्याही घरी गेल्या की आधी मोरीकडे वळत. साबण नसेल तर पर्समधून स्वतःचा काढत. जबलपूरच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आम्ही मलमूत्राचे नमुने तपासायचो. त्या वरिष्ठ, मी नवखा. "दिसत नाही म्हणजे नाही, असं नसते, भैया," हे त्यांचं पालुपद. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

कांचघरच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या महाप्रसादाचा स्वयंपाक रामसेवक आचारी करायचा, पण खमंग काकडी दीदींचीच. हाताने कालवल्याशिवाय तिला चव येत नाही, यावर त्या ठाम होत्या.

एका वर्षी महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी निम्मी पंगत जुलाबाने आडवी झाली. माझी आईही सलाईनवर गेली. मंडळाने रामसेवकला दोषी ठरवून टाकलं. त्याला आता कोणी कामाला बोलावणार नव्हतं. दीदींनी उरलेलं अन्न आणि स्वयंपाकाला हात लावलेल्या सगळ्यांचे नमुने लॅबमध्ये आणले. त्यात एक स्वतःचाही होता.

जंतू सापडले ते फक्त काकडीत आणि दीदींच्या नमुन्यात. दोन्हीकडे साल्मोनेलाच. आई आजारी होती, तरी मला दीदींनाच वाचवावंसं वाटलं.

"दीदी, तुमचा नमुना राहू द्या ना. कोणाला कळणार?"

"अन् रामसेवकचं काय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "पंधरा दिवसांआधी माझं पोट बिघडलं होतं. बरं वाटलं तरी जंतू आतड्यात राहतात, बाहेर पडत राहतात, हे मीच तुला शिकवलं. त्याच्या उकळत्या कढीत ते मेले असते, काकडीत जगले. नळ गेला होता, तर मी हात नुसते फडक्याला पुसले."

"मग काकडीत हात घातला काहून?"

"लोक माझ्याच हातची मागतात ना. त्याचा माज."

हेच त्यांनी मंडळाच्या सभेत उभं राहून सांगितलं आणि सगळ्यांदेखत रामसेवकची माफी मागितली. पुढे त्या काकडीला कधी शिवल्या नाहीत. महाप्रसादाला नळापाशी साबण घेऊन उभ्या राहायच्या.

यंदा त्या नाहीत. काकडी मी कालवायची ठरलं. हात स्वच्छ धुऊन बसलो, तोच रामसेवक चुलीपासून उठून आला.

"भैया, पेट तो ठीक है न? दीदी होतीं तो यही पूछतीं."

मागच्या आठवड्यात माझं पोट दोन दिवस बिघडलं होतं. कोणालाच माहीत नव्हतं. मी परात त्याच्याकडे सरकवली.