बोटीवर ताट आपलं आपण घ्यायचं

बोटीवर चार दिवस राहून आल्यापासून आमच्या इस्लामपुरातल्या कॉलनीत मी जाणकार माणूस ठरलोय. संध्याकाळी कट्ट्यावर बसलो की कुणीतरी शेजारी येऊन टेकतं आणि विचारतं, आमचाही विचार चाललाय, काय काय न्यावं लागतं? मी सांगतो. तीस वर्षं स्टँडवर कंट्रोलर होतो, कुठली गाडी कुठं लागते हे सांगण्यातच नोकरी गेली, त्यामुळं सांगायचा कंटाळा नाही. ऐकणारे मान डोलावतात आणि जाऊन स्वतःच्या मनाचंच करतात, त्याचीही सवय आहे.

खोली बोटीच्या मधोमध घ्यावी आणि शक्यतो खालच्या मजल्यावर. गाडीत मागच्या चाकावर बसलं की आतडी वर येतात आणि मधे बसलं की झोप लागते, तोच न्याय इथं. जेवणघरात एसी फार असतो, शाल न्यावी, बायकांनी लाजून कुडकुडत बसू नये. उपाशी पोटी चहा घेऊ नये, मळमळतं. खिशात आवळासुपारी असावी. दुपारी साडेबाराला दार उघडतं तेव्हा झुंबड असते, दीडला जावं. दाराजवळ काकडी-टोमॅटो मांडलेले असतात, तिथं अडकू नये, गरम जेवण पलीकडच्या टोकाला असतं. आधी रिकाम्या हातानं एक फेरी मारून सगळं बघून घ्यावं आणि मग ताट उचलावं. घरचं खाणं बंदरावरच काढून घेतात, तेव्हा भाकऱ्या बांधून नेण्यात अर्थ नाही. मोठ्या बॅगा तिथंच द्याव्या लागतात आणि त्या खोलीत यायला उशीर होतो, म्हणून औषधं हातातल्या पिशवीत ठेवावीत. हे सगळं मी ठामपणे सांगतो. यातलं निम्मं मी स्वतः केलं नव्हतं.

सहल खरं तर आम्हा नवरा-बायकोची होती. पुण्यातल्या मुलीनं दिवाळीत तिकिटं काढली. मुंबईहून निघायचं, गोवा, कोची आणि परत मुंबई. माघात बायको गेली. पोटाचा आजार होता, कळेपर्यंत उशीर झाला होता. तिकीट रद्द होत नव्हतं, नाव मात्र बदलता येत होतं. मुलीनं आईच्या जागी माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं नाव घातलं. वर्षाच्या आत सहल कसली, असं भावकी म्हणाली. मला जायचं नव्हतं आणि राहायचंही नव्हतं, म्हणून गेलो.

आक्का माण तालुक्यातली, दहिवडीच्या अलीकडच्या गावची. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही पोरं मुंबईत, आणि ही चार शेळ्या राखत घर धरून आहे. तिला साखरेचा आजार. बंदरावर सोडताना मुलीनं मला बाजूला घेतलं.

"पप्पा, तुम्हाला एकच काम आहे. आत्या जेवायच्या आधी गोळी घेते. त्यानंतर अर्ध्या तासात तिचं जेवण झालंच पाहिजे. नाहीतर साखर एकदम उतरते. मागं अशीच रानात पडली होती. तेवढं बघा."

मी बरं म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो. दात काढताना डॉक्टर गाल बधिर करतात, आपल्याच गालाला हात लावला तर तो दुसऱ्याचा वाटतो, तसं माझं सगळ्या अंगाचं झालं होतं. बायको गेली तेव्हा मी रडलो नाही. तेराव्यालाही नाही. मला वाईट वाटत नव्हतं आणि वाईट वाटत नाही याचंही वाईट वाटत नव्हतं. बोट सुटली, लोक कठड्याला धरून हात हलवायला लागले. मी समुद्राकडं बघितलं. पाणी होतं.

आक्काची भाकरी आणि दाण्याची चटणी तपासणीत गेली. "पोटाला न्ह्यायला बी बंदी हाय व्हय?" एवढंच ती म्हणाली. संध्याकाळी आम्ही जेवणघरात गेलो. आमच्या गावचा बाजार बसेल एवढं मोठं. खिडकीजवळचं एक टेबल बघून दोघं समोरासमोर बसलो आणि वाट बघायला लागलो. माणसं ताटं घेऊन इकडून तिकडं जात होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"कवा वाढत्यात रं?" आक्का म्हणाली.

"येतील की."

शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना राहवलं नाही. "काका, इथं ताट आपलं आपण घ्यायचं असतं. तिकडं रांग आहे."

"ठाऊक आहे. आम्ही जरा थांबलोय," मी म्हणालो. चक्क थाप.

आता खरं सांगायचं तर पासष्ट वर्षांत मी स्वतःचं ताट कधी वाढून घेतलं नव्हतं. लहानपणी आईनं वाढलं, मग बायकोनं. लग्नाकार्यात पंगतीत बसायचो, ड्युटीवर डबा यायचा, त्याचं झाकणही शिपाई काढून द्यायचा. घरी आतून "आवं, वाढलंय" अशी हाक आली की उठायचं, पाटावर बसायचं. गुडघे दुखायला लागल्यावर पाटाचं टेबल झालं, बाकी काही बदललं नाही. पुण्याच्या जावयाकडं असल्या रांगा लावून जेवणं व्हायची, तिथंही बायको माझं ताट आणून द्यायची आणि मी लोकांना म्हणायचो, भिकाऱ्यासारखं ताट घेऊन उभं राहणं आपल्याला जमत नाही. लोक हसायचे. मला ते कौतुक वाटायचं.

तर मी उठलो नाही. "मला भूक नाही," असं म्हणालो, आणि भूक खरोखरच नव्हती. "तू जा, घेऊन ये तुझं."

"तुझ्या आदी? बाप्या मानूस उपाशी बसलाय आन् मी गिळू व्हय?"

"आक्का, इथं तसलं काही नसतं."

"इथं नसंल. माझ्यात हाय."

शेवटी खोलीवर जाऊन चहा केला आणि तिच्या पिशवीत एक बिस्किटाचा पुडा निघाला, तो दोघांनी खाल्ला. तिनं गोळी घेतली होती का, हे मी विचारलं नाही. मला आठवलंच नाही.

सकाळी न्याहारीलाही तीच गत. मी टोपलीतलं एक केळं उचलून बसलो, म्हणून तिनंही एक केळं घेतलं. दुपारी ती खोलीतून गोळी घेऊनच निघाली आणि टेबलावर जाऊन बसली. मी म्हणालो, "तू सुरू कर, मी आलोच." आणि वर डेकवर गेलो. तिथं एका बाकावर बसलो. किती वेळ, सांगता येत नाही. काही आठवत बसलो होतो असंही नाही. नुसता बसलो होतो.

परत आलो तेव्हा आक्का त्याच खुर्चीत होती. समोर टेबल रिकामं. कपाळावरून घाम ओघळत होता, एसीत, आणि हात थरथरत होते. माझ्याकडं बघून ती म्हणाली, "पाणी तापलंय, आंगूळ करून घे. शाळंला उशीर हुईल." मी तिला हलवलं तर मान एका बाजूला गेली. शेजारच्या टेबलावरची एक बाई धावली, तिनं आक्काला अजून गिळता येतंय हे बघून चहाची साखर पाण्यात ढवळून घोट घोट पाजली. कुणीतरी बोटीवरच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी बोटाला सुई टोचून साखर तपासली, फळांचा रस द्यायला लावला, मग माझ्याकडं वळल्या.

"यांनी शेवटचं कधी खाल्लं?"

असाच प्रश्न मला कराडच्या दवाखान्यात विचारला होता. बायको आतल्या खाटेवर होती. डॉक्टर म्हणाले, घरी यांचं जेवण कसं होतं? कधीपासून कमी झालं? मी म्हणालो, व्यवस्थित असतं. ते म्हणाले, व्यवस्थित असणं शक्य नाही, पाच-सहा महिने तरी यांच्या पोटात धड काही जात नसणार, तुमच्या लक्षात नाही आलं? मुलगी माझ्याकडं बघत होती. मी काय सांगणार होतो? एक्केचाळीस वर्षांच्या संसारात मी माझ्या बायकोला जेवताना बघितलंच नव्हतं. मी जेवून हात धुवायचो, पेपर घेऊन बाहेर बसायचो, मग आतून भांड्यांचा आवाज यायचा. तो तिच्या जेवण्याचा की घासण्याचा, ते मला कधी कळलं नाही. ती वाळत चालली होती हे दिसत होतं. वय झालं, असं मी म्हणायचो.

"काल सकाळपासून जेवण नाही," मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. "एक केळं आणि थोडी बिस्किटं. आणि गोळ्या घेतल्यात." माझा आवाज मलाच दुरून आल्यासारखा वाटला.

त्या चिडल्या. चिडायलाच पाहिजे होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर काय झालं असतं ते त्यांनी मला सगळ्यांसमोर सांगितलं. आक्का हळूहळू भानावर आली, पदरानं तोंड पुसून म्हणाली, "काय झालं रं? का गर्दी केलीया?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता यांना पोटभर जेवायला घाला.

मी उठलो. ताटांची चळत कुठं आहे हेही मला शोधावं लागलं. ताट गरम होतं, ते गरम का असतं कुणास ठाऊक. मी काकडी-टोमॅटोपासून सुरुवात केली आणि तिथंच ताट निम्मं भरलं. मग भात घेतला, वरण टोमॅटोवर सांडलं, पोळी त्यात भिजली. किती घालायचं कळेना. चार गुलाबजाम घेतले आणि टेबलापर्यंत आल्यावर लक्षात आलं की साखरेच्या माणसाला गुलाबजाम घालतोय. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात, तसा मी.

आक्कानं ताटाकडं बघितलं. "आरं, बैलाला आंबोण कालवलंयस का?"

"जेव गुमान."

"आन् तू?"

तशातही तिचं तेच. मी परत गेलो, माझं ताट आणलं, समोर बसलो आणि पहिला घास तोंडात घातला. तेव्हा कुठं तिनं पोळी मोडली. ती जरा तिरकी वळून, पदर पुढं ओढून जेवत होती, चोरून खाल्ल्यासारखी. मी बघत राहिलो. तिच्या उजव्या बाजूच्या दाढा नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. ती सगळं डावीकडं चावते. शेवटच्या घासाआधी पाणी पिते.

"बगतूस काय?"

"काही नाही. सावकाश जेव."

पुढचे दोन दिवस मीच वाढून आणलं. तिला लाज वाटायची, ती इकडंतिकडं बघायची की कुणी ओळखीचं नाही ना. मला कमी-जास्त समजायला लागलं. वरण वाटीत घ्यायचं, पोळी वेगळ्या बशीत, दाढा नाहीत तर मऊ भाजी. गोळी घेतली की मी घड्याळ लावायचो. कोचीला लोक उतरून फिरायला गेले, आम्ही बोटीवरच राहिलो, कारण बाहेर वेळेवर जेवण मिळेल याची मला खात्री नव्हती.

शेवटच्या दुपारी दही-भात होता. आक्का शांतपणे जेवत होती, आता तिरकी न बसता. मी विचारलं, "आक्का, तिला काय आवडायचं गं?"

"कुणाला?"

"माझ्या बायकोला. खायला."

तिनं थोडा विचार केला. "खरवड," ती म्हणाली. "भाताच्या बुडाची. ताकात कालवून खायाची. मी तुमच्याकडं आले की आमी दोगी एकाच पातेल्यात बसायचो."

मला बरं वाटलं. मुलीला सांगता येईल असं काहीतरी मला कळलं होतं. मी म्हणालो, "खरवड एवढी आवडायची तिला?"

आक्कानं हातातला घास ताटात ठेवला. तिला माझा राग आला नव्हता. लहान पोराला समजावून सांगावं तसं ती हळू म्हणाली, "आवडायची म्हंजी... तीच उरायची रं."

मला रडू आलं असं लिहिलं तर बरं दिसेल. आलं नाही. आक्काचा भात संपत आला होता. मी उठलो आणि तिच्यासाठी आणखी थोडा घेऊन आलो, वरचा, मऊ.