गप्प राहण्याचा सराव

पाण्याचे पंप विकणाऱ्या त्या कंपनीत सगळे त्याला ‘वक्ते’ म्हणत. नोकरी खरं तर विक्री विभागातल्या कारकुनाची. पण एकदा साहेबांचा घसा बसला, यानं त्यांच्या जागी उभं राहून सभा जिंकली आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. तेव्हापासून व्यापाऱ्यांपुढे नवा पंप मांडायचा म्हटलं की, बोलवा वक्त्यांना! बायको आणि मुलगी दुसऱ्या गावी, बायकोच्या नोकरीपायी. तिथल्या शाखेत बदली मागितली की साहेब त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवत आणि अर्ज बाजूला सारत. कौतुकानंही माणूस कोंडला जातो, हे बाहेरच्याला कसं पटावं?

यंदा मात्र साहेबांनी शब्द दिला. "तुमच्या जागी बोलणारं कुणी तयार करा. वार्षिक सभा त्यांनी निभावली, की तुम्ही मोकळे."

त्यानं दुरुस्ती विभागातल्या ताईंना गळ घातली. ताईंना पंपातलं सगळं कळे, पण माइक दिसला की त्यांची पाचावर धारण बसे. जेवणाच्या सुट्टीत दोघं रिकाम्या सभागृहात सराव करू लागले. तो शेवटच्या रांगेतून ओरडे, "पडद्याशी काय बोलताय? तो पंप विकत घेणार आहे का? लोकांकडे बघा!" ताईंनी पडद्यावर कोंबलेल्या ओळी त्यानं निर्दयपणे खोडल्या आणि जळक्या पंपाचा एकच फोटो ठेवला.

"हा दाखवायचा, ‘का जळाला असेल?’ असं विचारायचं आणि गप्प राहायचं. लोक चुळबुळ करेपर्यंत."

"अहो दादा, तोवर माझा जीव जाईल!"

"काही नाही जात. घाबरून बोलायचं मात्र नाही."

सभेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. तो लॅपटॉपपाशी बसला होता. ताईंचा आवाज आधी कापरा झाला, मग स्थिरावला. पडद्यावर जळका पंप आला. "का जळाला असेल हा?" त्यांनी विचारलं आणि त्या थांबल्या.

कुणीतरी खोकलं. एक खुर्ची करकरली. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. ताई ओठांवरून जीभ फिरवत होत्या. अडकल्या बिचाऱ्या, असं त्याला वाटलं. आता बदली गेलीच! राहवेना, तसा तो उठला. "मी सांगतो," म्हणत त्यानं माइक घेतला. मग काय विचारता, जीभ सुटली ती सुटलीच. लोक हसले, टाळ्या पडल्या. आणि वाईट म्हणजे त्याला मजा आली.

नंतर ताई वायर गुंडाळत हळूच म्हणाल्या, "दादा, मी अडकले नव्हते. थांबले होते. तुम्हीच तर सांगितलं होतंत."

तो काही बोलणार, तोच साहेबांनी त्याची पाठ थोपटली. "बघितलंत? तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही. बदलीचं आता डोक्यातून काढून टाका."

जिन्यात फोन वाजला. मुलगी होती. "बाबा, सभेत त्या काकू छान बोलल्या ना? मग कधी येतोयस? मी तुझ्यासाठी कपाटात एक खण रिकामा केलाय."

तो गप्प राहिला.

"बाबा? बोल ना."