एक वाक्य, फुल स्टॉप!

शिकवणीत काय शिकवलं ते महिन्याभरात विसरायला होतं. किस्से मात्र फळ्याखालच्या खडूच्या भुकटीसारखे साचत जातात. झटकायला जावं तर हातालाच लागतात. माझ्याकडचा बहुतेक ढीग एकाच शब्दाचा आहे. टेक!

तारापूरच्या कारखान्यांजवळ, सालवडला एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी स्पोकन इंग्लिशचा क्लास घेते, संध्याकाळी सात ते आठ. आठला तिथे भजन असतं, त्यामुळे पावणेआठपासूनच दाराबाहेर टाळ किणकिणायला लागतात. विद्यार्थी सगळे कारखान्यांतले आणि बहुतेक माझ्या आईवडिलांच्या वयाचे. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत माझा संयम किती, ते उमरोळीला आमच्या घरी येऊन विचारा. बाबांना "पाणी आलं का?" एवढंच विचारलं तरी ते धरण बांधल्यापासून सुरू करतात!

*

दोन रविवार घालवून मी 'टेक'चा तक्ता बनवला होता. टेक रेस्ट, टेक अ फोटो, टेक ऑफ, टेक ओव्हर. भिंतीवर लावला आणि ऐटीत म्हटलं, "बघा, एक शब्द आणि किती अर्थ!"

पहिल्या बाकावर कदम काका. एका केमिकल कंपनीत बावीस वर्षं ऑपरेटर, मूळचे सांगलीकडचे. त्यांनी ज्यांना काम शिकवलं असे दोन डिप्लोमावाले त्यांच्याच डोक्यावर सुपरवायझर होऊन बसले होते. आता पुन्हा जागा निघणार होती, पण इंटरव्ह्यू इंग्लिशमध्ये. म्हणून काका क्लासला.

काकांनी तक्ता नीट वाचला. "मॅडम, यात अवघड काय हाय? आपण झोप घेतो, शपथ घेतो, फिरकी घेतो, मनावर घेतो, अंगावर घेतो. बाराखडी संपंल, आपलं घेणं संपायचं न्हाय!"

वर्ग हसला. मला राग आला. काकांचं बरोबर होतं म्हणून जरा जास्तच आला.

*

मग मी नियम केला. 'टेक'चा नवा वापर शिकला की त्यावर स्वतःच्या आयुष्यातला खरा किस्सा सांगायचा, आणि शेवटी इंग्लिश वाक्य.

हेमाताईंनी दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. त्या तारापूरकडच्या कोळीवाड्यातून येतात, गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला आहेत. बँकेत फॉर्म भरताना काउंटरवरचा साहेब त्यांना म्हणाला होता, "टेक युवर टाइम."

"मग?"

"मंग काय? खुर्ची घेतली, बसली. पानी पिली. डबा खाल्ला. नंतर सावकाश सही केली."

"अहो ताई, तो नुसतं बोलायचं म्हणून बोलतो!"

"असंल. पन इतक्या वर्सांत पयल्यांदा कोनीतरी बोल्ला, तुजा येळ घे. मी घेतला!"

मी फळ्याकडे वळले आणि पुढचा शब्द लिहिला. पुढे जायची घाई होती ना!

*

यादवभाईंचा किस्सा 'टेक केअर'चा. हे पॅकिंगच्या खोक्यांच्या कारखान्यात मशीनवर असतात. त्यांच्या मॅनेजरने त्यांना सगळ्यांसमोर पंधरा मिनिटं झापलं. यादवभाई मान खाली घालून उभे. मॅनेजर दम घ्यायला थांबला, तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "टेक केअर, सर."

मॅनेजर केबिनमध्ये गेला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

"भाई, तो तुम्हाला काढून टाकेल एक दिवस!" मी म्हटलं.

"सर को बीपी है ना, मैडम. हम तो दिल से बोले!"

*

'टेक चार्ज'च्या दिवशी काका उठले. त्यांनी शर्टाची बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी वेगळ्याच रंगाची, चकचकीत. मी पाहिलं. विचारलं नाही.

"तवा माझी सेकंड शिफ्ट होती," काका सांगायला लागले. "खालच्या खड्ड्यात पाणी भरलेलं, कूलिंगचा पंप बंद पडला. रिअॅक्टरचं टेम्परेचर चढाय लागलं. साहेब जेवाय गेलेले. खाली दोन कॉन्ट्रॅक्टवाले, नवीन. त्यातल्या एकाचं लगीन ठरलेलं. त्याचं गाव म्हणजे..."

पावणेआठ. बाहेर टाळ. आणि हे आता त्या माणसाच्या गावाला निघाले!

"काका! किस्सा नको. वाक्य! एक वाक्य, फुल स्टॉप!"

काका थांबले. बाही खाली घेतली, बटण लावलं. मग छाती काढून म्हणाले, "आय टुक चार्ज."

"व्हेरी गुड! इंटरव्ह्यूमध्ये अस्संच बोलायचं. लांबण लावायची नाही. लांबण लावली की चुका होतात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि पुढे टपोरा फुल स्टॉप दिला. काकांनी तो वहीत उतरवला, पेन फिरवून फिरवून.

त्या दिवसापासून क्लासचा नियम बदलला. सगळे एक वाक्य बोलून बसायला लागले. पोर्शन कसा भराभर संपला म्हणता!

*

इंटरव्ह्यूच्या दिवशी संध्याकाळी काका इस्त्रीच्या शर्टातच क्लासला आले.

"काय विचारलं, काका?"

"अडचणीच्या वेळी तुम्ही काय केलं, एखादा प्रसंग सांगा, म्हणाले."

"मग? तुम्ही..."

"आय टुक चार्ज. एक चूक न्हाय, मॅडम!"

"आणि पुढे?"

"पुढं काय? फुल स्टॉप." काका हसत होते. "तिघं साहेब माझ्याकडं बघत बसले. मी त्यांच्याकडं. लय वेळ. मला वाटलं, वाक्य आवडलं."

आठवड्याने जागा भरली. पंचविशीचा माणूस आहे. काका त्याला व्हॉल्व्ह कुठले कुठले ते दाखवतायत.

*

त्यानंतरच्या सोमवारी मी तक्ता काढून टाकला. भजनी मंडळाला सांगितलं, आज तुम्ही साडेआठला या. हे मी सांगितलं, मी! मंडळातले आजोबाच चाट पडले.

कोरा फळा पुसून पुन्हा पुसला आणि लिहिलं, 'आय टुक चार्ज'. पुढे मुद्दामच काही दिलं नाही. वर्गाकडे वळले.

"आज वाक्य नको. किस्सा हवाय. मराठीत सांगा, गावापासून सांगा. काका, त्या दिवशी पुढे काय झालं? टेक युवर टाइम."

हेमाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

काका फळ्याकडे बघत राहिले. मग उठले, पुढे आले. माझ्या हातातला खडू अलगद घेतला.

"मॅडम, ईसरलात," म्हणाले, आणि वाक्याच्या शेवटी फुल स्टॉप दिला. टपोरा, खडू फिरवून फिरवून.