सोयाबीनच्या निंदणातला सिनेमा

मी चिखलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. मराठीचे सर शनिवारी आम्हाला जुने कृष्णधवल सिनेमे दाखवायचे. पहिला पाहताना मला चक्क झोप लागली. सर रागावले नाहीत. "पुन्हा बघ. घाई करू नको," एवढंच म्हणाले. चार-पाच सिनेमांनंतर खरंच दिसू लागलं. नट गप्प बसतो तेव्हा काय घडतं, कॅमेरा रिकाम्या खोलीत का रेंगाळतो, ते कळू लागलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. सरांचे उपकार मी आजही मानतो. पण त्या नव्या नजरेचा पहिला वापर मी माझ्या वहिनीवर केला.

वहिनी सातवी शिकलेली. लग्नाआधी, लोणारजवळच्या माहेरी, तिने टीव्हीवर एक जुना सिनेमा पाहिला होता. सोयाबीनच्या निंदणाला, तण काढायला, बसलं की बाया तिला तोच सांगायला लावायच्या. नवऱ्याने हाकललेली बाई खानावळ काढते, एवढीच गोष्ट. वहिनी ती दोन दिवस पुरवायची. शेवटी आजारी नवरा दारात येतो.

"बाई त्याले पोटभर जेवू घालते," वहिनी सांगायची. "मंग त्याचं ताट त्यालेच घासाले लावते. आन् दार लावून घेते."

बायांचे हात थांबायचे.

एका शनिवारी सरांनी नेमका तोच सिनेमा लावला. त्यात ती बाई नवऱ्याचे पाय धरून रडते. बस, मला राहवेना. रविवारी तो प्रसंग मोबाईलवर घेऊन मी शेतात गेलो.

"वहिनी, बायांले खोटं काऊन सांगता?"

बाया भोवती जमल्या. उन्हात दिसेना म्हणून एकीने पदराची सावली धरली. शेजारची काकू फिसकन हसली. "अवं, हे तं पाय धरून राह्यली! ताट कुठी हाये वं?"

"दोन वर्सं येडं बनवलं आम्हाले!" दुसरी म्हणाली.

"मले तसंच याद होतं," वहिनी हळूच बोलली.

"याद नसंन तं सांगू नये," मी म्हणालो. "सिनेमा समजाले अक्कल लागते."

संध्याकाळपर्यंत ते भावाच्या कानावर गेलं होतं. जेवण झाल्यावर त्याने खरकटं ताट पायाने वहिनीकडे सरकवलं. "मले घासाले लावतं का वं?" घरातले सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या निंदणाला बायांनी मोबाईलवर गाणी लावली. वहिनी बाजूच्या ओळीत, आपल्या पाथेवर, मुकाट्याने निंदत राहिली.

सरांना मी ही हकिगत मोठ्या ऐटीत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "तो शेवट सिनेमापेक्षा चांगला आहे. ताटाचं तिला कुठून सुचलं?"

मला ठाऊक नव्हतं. घरी आलो तेव्हा वहिनी तूर निवडत होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, "वहिनी, तो सिनेमा मले सांगा ना एकडाव. तुमच्यावाला."

तिने मान वर केली नाही.

"मोबाईलात पाहून घ्या ना, भाऊजी."